आयएसओ ४००च्या पुढे जायचं की नाही?

प्रश्न: नुकताच १८-५५ मिमी झूम लेन्सचा कॅमेरा घेतलाय. 'आयएसओ ४००च्या वर नेऊ नकोस, फोटोत दाणे येतात,' असं एका जाणकारानं बजावलंय. पण संध्याकाळी घरात मुलीचे फोटो काढले की सगळे हललेले येतात. सोबत एक पाठवतोय. कॅमेरा बदलावा का?

उत्तर: कॅमेरा राहू द्या, सल्लागार बदला! सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत आयएसओ (आलेल्या प्रकाशातून फोटो किती उजळ करायचा, ती सेटिंग) ४००च्या पुढे नेला की खरंच दाणे दिसायचे. तो धाक अजून चालत आलाय.

तुमच्या फोटोची नोंद अशी: आयएसओ ४००, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६, शटर १/१५ सेकंद उघडं. मागचं कपाट, खुर्चीची पाठ अगदी रेखीव आलीय. मुलीचा उजवा हात तेवढा फरकटलाय. म्हणजे तुमचा हात स्थिर होता, हलली ती. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे उपयोगाचं नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, पोरांची चुळबुळ नाही. बसून खेळणाऱ्या मुलासाठीसुद्धा मी १/१२५च्या खाली उतरत नाही. पळापळ असेल तर १/२५०, तेही कमीच पडतं.

१/१५वरून १/१२५ म्हणजे तीन स्टॉप. दर स्टॉपला प्रकाश निम्मा, म्हणजे उरला आठवा हिस्सा. तो भरून काढायला आयएसओ तीनदा दुप्पट करायचा: ८००, १६००, ३२००. पण त्याआधी झूम मागे घ्या. तुमची लेन्स ५५ला एफ ५.६पर्यंतच उघडते, १८ला मात्र ३.५पर्यंत, म्हणजे अडीच पट प्रकाश. थोडं पुढे सरकून १८वर काढलात तर १६००मध्ये भागतं. (फार जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. मुलगी मोठी झाल्यावर ऐकवेल.)

आणि दाण्यांचं म्हणाल, तर आयएसओ वाढवून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. जो आलाय त्याचाच सिग्नल वाढवला जातो. दाण्यांचं मूळ कमी प्रकाशात आहे. ४००वर काळपट काढून नंतर संगणकावर उजळलात तरी ते येतातच, अनेक कॅमेऱ्यांत तर सावल्यांमध्ये जास्तच. शिवाय दाणे सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी कमी होतात. फरकटलेला हात तसा जागेवर येत नाही.

दरवेळी एवढा हिशेब नको असेल तर ऑटो आयएसओ चालू करा, किमान शटर १/१२५ आणि कमाल आयएसओ ६४०० लावून ठेवा.

प्रश्न: बर्फाचे फोटो करडे का येतात?

उत्तर: समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असं कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर धरून चालतो, म्हणून तो बर्फालाही करडा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळपट करायचं +/- बटण) +१ किंवा +१.५ करा. काळ्या कुत्र्याचा फोटो असेल तर उलट, उणेकडे. मॅन्युअल मोडमध्ये (शटर, ॲपर्चर स्वतः ठरवताना) आयएसओही ठरवून ठेवला असेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांत या बटणाचा फोटोवर काही परिणाम होत नाही. तिथे बर्फासाठी शटरच एक-दीड स्टॉप कमी वेगाचा करा.