रक्तदाब-मधुमेहाचा प्रकल्प : तपासणी झाली, पुढे काय?

प्रश्न : आमची संस्था बीड जिल्ह्यात दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांबरोबर रक्तदाब आणि मधुमेहाचं काम करते. शिबिरांना गर्दी होते, पण सापडलेले बरेच रुग्ण दुसऱ्या महिन्यात फिरकतच नाहीत. समन्वयक म्हणून नेमकं लक्ष कुठे घालू?
— प्रकल्प समन्वयक, बीड

उत्तर : आधी शिबिरं थांबवा, निदान तीन महिने. उपचारावर टिकवता येत नसेल तर नवे रुग्ण शोधून फक्त रजिस्टर जाड होतं.

पहिली गोष्ट, केंद्रावर गोळ्या किती दिवसांच्या देतात ते औषधाच्या खिडकीशी उभं राहून बघा. ताप-खोकल्याच्या सवयीने पाच किंवा दहा दिवसांच्या पुड्या बांधल्या जात असतील तर गळतीचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. पाच गोळ्यांसाठी दिवसाची मजुरी बुडवून, वडापला पैसे देऊन महिन्यातून चार-सहा चकरा कोण मारणार? रक्तदाबाच्या गोळ्या ३० दिवसांच्याच द्यायच्या. प्रकृती स्थिर असलेल्याला पुढच्या गोळ्या उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी द्याव्यात, डॉक्टरांनी उपचार लिहून दिलेला असला की झालं.

दुसरी गोष्ट, उपचार कार्डांची पेटी. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने (महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा) प्रत्येक रुग्णाचं कार्ड केंद्रावर ठेवण्यावर भर दिला. ॲप असलं तरी ही पेटी ठेवाच, नेटवर्क गेलं तरी ती चालते. पुठ्ठ्याचे ३१ कप्पे करा, पुढच्या भेटीच्या तारखेच्या कप्प्यात कार्ड टाका. रुग्ण आला की कार्ड काढायचं, नोंद करायची आणि नव्या तारखेला सरकवायचं. संध्याकाळी आजच्या कप्प्यात जी कार्डं उरली तीच न आलेल्यांची यादी. वेगळा अहवाल काढायची गरज नाही. तीन दिवस वाट बघून फोन, आठवड्याने आशाताईंकडे नाव. फोन नंबर नोंदवताना तिथेच मिस्ड कॉल देऊन बघा. बऱ्याचदा तो मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला.

तिसरी गोष्ट, वार. तपासणीचा दिवस आठवडी बाजाराच्या वारी ठेवा, लोक त्या दिवशी गावात येतातच. पुरुष मात्र दुपारच्या गृहभेटीत सापडत नाहीत, त्यांना गाठायला सकाळी दूध संकलन केंद्र गाठावं लागतं.

प्रश्न : घरी आशाताईंनी मोजलेला रक्तदाब आणि केंद्रावरचा, यात पंधरा-वीसचा फरक येतो. यंत्र बिघडलं म्हणायचं का?
— आरोग्यसेविका, जि. अहिल्यानगर

उत्तर : यंत्रावर खापर फोडण्याआधी पट्टा बघा. प्रौढांचा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. त्याहून जाड दंडाला तोच आवळला की आकडा वाढून येतो. प्रत्येक केंद्रावर एक मोठा पट्टा हवाच, आणि तो कपाटात कुलूपबंद नको.

बाकी कारणं रोजची आहेत. रुग्ण चालत आला आणि लगेच मोजलं, लघवी तुंबलेली होती, मोजताना बोलणं चालू होतं, पाय लोंबकळत होते, बाही वर सरकवून तिचाच पीळ दंडाला बसला होता. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि काळजाच्या पातळीवर. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू झाला असेल तर थांबा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. १८०/११० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, 'पुढच्या मंगळवारी या' नाही.

साखरेचंही तसंच. हाताला गुळाचा किंवा फळाचा अंश राहिला तर आकडा फुगतो, म्हणून हात धुऊन, नीट कोरडा करून मगच टोचा. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीवर उघडल्याची तारीख लिहा आणि झाकण लगेच लावा. पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी भरवशाची राहत नाही.

प्रश्न : औषधांची मागणी मागच्या वर्षीच्या खपावरून करतो, तरी गोळ्या संपतात.
— औषध निर्माण अधिकारी

उत्तर : संपतात ते त्यामुळेच. मागच्या वर्षी दोन महिने साठाच नव्हता तर खप कमी दिसणार, त्यावरून मागणी कमी जाणार आणि यंदा पुन्हा खडखडाट. मागणी रुग्णसंख्येवरून काढा.

समजा नियमित येणारे रक्तदाबाचे ६०० रुग्ण आहेत आणि सगळ्यांना ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज एक. महिन्याला १८,००० गोळ्या झाल्या. त्यातल्या २०० जणांना टेल्मिसार्टन ४० जोडीला असेल तर त्याच्या ६,०००. मधुमेहाचे २०० रुग्ण मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा घेत असतील तर १२,०००. ही तिमाहीची मागणी असेल तर तिप्पट करा, वर एक महिन्याचा राखीव साठा धरा. म्हणजे एकट्या ॲम्लोडिपिनच्या ७२,०००. हातातला साठा वजा करा, दर महिन्याला वाढणारे नवे रुग्ण मिळवा. उपकेंद्राला पाठवलेला माल 'वापरला' म्हणून नोंदवू नका, तो तिथल्या कपाटात पडून असू शकतो.

प्रश्न : आमचं रक्तदाब नियंत्रणाचं प्रमाण ७४ टक्के येतं, जिल्ह्याच्या बैठकीत ते ५२ धरलं. कोण बरोबर?
— तालुका पर्यवेक्षक

उत्तर : जिल्हा. जानेवारी ते मार्चमध्ये २०० जणांची नोंद झाली असं धरू. जूनअखेर त्यांची शेवटची मोजणी बघितली : १०४ जण १४०/९० च्या खाली, ३६ वर, ६० आलेच नाहीत. तुम्ही १०४ ला १४० ने भागलंत. न आलेल्यांना छेदातून वगळलं की काम जितकं ढिसाळ तितकी टक्केवारी सुंदर दिसते. छेद २०० चाच.

रजिस्टर चाळताना शेवटचा अंकही बघा. पानभर १३०/८० आणि १२०/८० असेल तर मोजलं नाही, लिहिलं आहे. डिजिटल यंत्राचे आकडे १३७/८३ असे वेडेवाकडेच येतात. अशा वेळी सिस्टरना बोलणी लावण्याआधी यंत्राची बॅटरी तपासा, ती संपलेली सापडण्याची शक्यता बरीच.

प्रश्न : दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला जातं. सहा महिने उपचार तुटतो. काय करावं?
— गटप्रवर्तक, ता. आष्टी

उत्तर : टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरातच यादी लावा. मुकादमाला कोणती टोळी कुठल्या कारखान्याला जाणार ते ठाऊक असतं. त्याच्याकडून फक्त ठिकाण घ्या, कुणाला कोणता आजार आहे ते त्याला कळता कामा नये, पुढच्या उचलीवर (आगाऊ मिळणाऱ्या रकमेवर) परिणाम होऊ शकतो.

निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाची मोजणी करा आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे त्यांना डॉक्टरांच्या संमतीने तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. हा साठा वरच्या हिशोबात ऑगस्टातच धरायला हवा. बरोबर कार्डाची प्रत : औषधाचं नाव, मात्रा, शेवटचा आकडा, तुमच्या केंद्राचा नंबर. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या, कोपीत (तोडणीवरच्या झोपडीत) दव आणि धूर दोन्ही असतात. उरलेल्या तीन महिन्यांसाठी कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राला नावांची यादी आधीच पाठवा. नुसतं पत्र नको, तिथल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन चालू असेल तर जाण्याआधी गर्भधारणेची विचारपूस करून डॉक्टरांना दाखवा, गरोदरपणात ते चालत नाही.

कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून माणसं परतली की पहिल्या पंधरवड्यात पुन्हा मोजणी. या रुग्णांची कार्डं तोवर पेटीत वेगळ्या कप्प्यात ठेवा, नाहीतर न आलेल्यांच्या यादीत रोज तीच नावं येतील आणि आशाताई कुलूपबंद घरांच्या चकरा मारत राहतील.