प्लास्टिकच्या कयाकवर (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) गळाच्या काठीचा होल्डर बसवताना छिद्र पाडलं तर पाणी शिरेल का?

नीट बसवला तर शिरत नाही. आधी कयाकमध्ये बसून वल्हं मारून बघा आणि वल्हं किंवा गुडघा जिथे आपटत नाही तिथे चिकटपट्टीने खूण करा. वल्हवताना जिचा गळ पाण्यातून ओढत न्यायचा ती काठी हाताच्या टप्प्यात पुढे, बाकीच्या काठ्या सीटच्या मागे.

कयाकच्या वरच्या झाकणातून आत हात पोचत असेल तर स्टीलचे नट-बोल्टच वापरा. आतून मोठे वॉशर किंवा जाड प्लास्टिकची पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे) हवेच, कारण मोठा मासा ओढतो तेव्हा सगळा जोर त्या पातळ भिंतीवर येतो. साधे स्क्रू तिथे हमखास उपटतात. हात पोचत नसेल तर आत तीन पाकळ्यांत फुलणारे रिव्हेट घ्या. छिद्र रिव्हेटच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच, ड्रिल सावकाश चालवून.

सिलिकॉनवर विसंबू नका. कयाकच्या पॉलिथिन प्लास्टिकला ते धड चिकटत नाही, काही काळाने सुटतं. होल्डरखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) दाबून बसवा.

खड्ड्यात बसणारा होल्डर घेत असाल तर तळ बंद असलेलाच घ्या. उघड्या तळाचा थेट कयाकच्या पोटात पाणी सोडतो.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून बोल्ट सकाळी किंवा सावलीत आवळा, तेही बेताने. जास्त आवळलं की भिंत आत दबते आणि कडेने फट पडते.

हतनूर किंवा गिरणा धरणावर खोल पाण्यात जाण्याआधी काठालगत अर्धा तास फिरवा, मग पाणी काढायचं बूच काढून आत पाणी साचलंय का बघा.