मुंबई ते नागपूर अंतर किती आहे? विमानाने आणि कारने खरंच किती वेळ लागतो?

माझं माहेर नागपूर आणि सासर कल्याण, त्यामुळे वर्षाला चार-पाच चकरा होतातच.

सरळ रेषेत मोजलं तर अंतर साधारण ६८५ किलोमीटर भरतं. विमान दीड तासात पोहोचवतं, पण तो वेळ तिकिटावरचा. कल्याणहून विमानतळ गाठायलाच मला दीड-दोन तास लागतात, शिवाय तिथे दीड तास आधी हजर राहायचं. उतरल्यावर मात्र सुख आहे. नागपूरचं विमानतळ सोनेगावला, म्हणजे गावातच. बॅग लवकर आली तर वीस मिनिटांत आईच्या हातचा चहा. तरी घर ते घर साडेपाच तास धराच. अंधेरीत राहणाऱ्यांचा त्यातला तासभर वाचेल.

रस्त्याने जायचं तर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि रस्ता सलग झाला. पण हे ७०१ मुंबईपासूनचे नाहीत! एक टोक भिवंडीजवळ आमण्याला, दुसरं हिंगण्याकडे शिवमडक्याला. 'आठ तासांत नागपूर' म्हणतात ते या दोन टोकांमधलं. दादरहून निघणार असाल तर ठाणे-भिवंडीच्या ट्रॅफिकचा तास-दीड तास वेगळा धरा. आम्हाला आमणं जवळ पडतं, तरी दोनदा थांबून साडेनऊ-दहा तास होतातच. अर्थात जुन्या धुळे-अकोला-अमरावती रस्त्यापेक्षा हे कितीतरी बरं. तेव्हा पहाटे निघालेले आम्ही रात्री जेवायला पोहोचायचो, आणि आईचा फोन आला की ठरलेलं उत्तर, "येऊन राहिलो!"

कारला वेगमर्यादा १२० आहे, घाटात १००. पण हा रस्ता इतका सरळ आणि एकसुरी आहे की डोळा लागतो. मेहकरच्या अलीकडे भर दुपारी नवऱ्याची मान खाली गेलेली मी पाहिली, तेव्हापासून दर दोन तासांनी ड्रायव्हर बदलतो. निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासा, विशेषतः उन्हाळ्यात. डबा सोबत घ्या. बाइकने जायचा विचार असेल तर सोडा, समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही.

टोल २०२५ च्या दराने कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे एका बाजूचे १,४४५ च्या आसपास. चौघं आणि सामान असेल तर कारच परवडते. एकटे-दुकटे असाल आणि तिकीट महिनाभर आधी काढता आलं तर विमान.

तुम्ही विचारलं नाहीये, पण मी एकटी असले की दुरांतो पकडते. रेल्वेचं अंतर ८३७ किलोमीटर, वेळ अकरा तास, पण ते सगळे झोपेत जातात.