निवासी भाग की 'मिश्र' भाग?

प्रश्न : आमची इमारत विकास आराखड्यानुसार निवासी पट्ट्यात आहे, मात्र रस्त्यालगत दुकाने असून शेजारच्या गाळ्यात ग्रिल-दरवाज्यांचे फॅब्रिकेशन चालते. आवाजाची तक्रार केली, तेव्हा 'हा भाग मिश्र वापराचा आहे' एवढेच उत्तर मिळाले. आम्हाला नेमकी कोणती मर्यादा लागू होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'मिश्र' असा पाचवा वर्ग नियमांत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांच्या अनुसूचीत चारच वर्ग आहेत : औद्योगिक क्षेत्रास दिवसा 75 व रात्री 70 डेसिबल, वाणिज्यिक क्षेत्रास 65 व 55, निवासी क्षेत्रास 55 व 45 आणि शांतता क्षेत्रास 50 व 40. येथे दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. संमिश्र वापराचा भाग या चारपैकी कोणत्या वर्गात धरायचा, हे सक्षम प्राधिकाऱ्याने जाहीर करता येते. म्हणून तुमच्या भागासाठी असा आदेश निघाला आहे का, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे.

हा वर्ग ठरण्यावर सारे अवलंबून आहे. ही मर्यादा क्षणिक आवाजाची नसून ठरावीक काळातील ऊर्जेच्या सरासरीची असते. समजा, तुमच्या खिडकीपाशी एरवी 50 डेसिबल असतात आणि तासात 6 मिनिटे ग्राइंडर 75 डेसिबलने चालतो, तर त्या तासाची सरासरी सुमारे 65 येते. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असल्यास नियम 7 नुसार प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. निवासी वर्गात (मर्यादा 55) तुमची तक्रार या अटीत जेमतेम बसते. वाणिज्यिक वर्गात मात्र हाच आवाज मर्यादेच्या काठावर राहतो. कान तेच, यंत्र तेच, फरक फक्त कागदाचा!

जवळ शाळा वा रुग्णालय असेल, तरी 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र आपोआप लागू होते असे धरून चालू नये. 2017 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी राज्य शासनाची अधिसूचना लागते.

माझ्या मते, डेसिबलच्या वादात शिरण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा, आणि त्या गाळ्यात फॅब्रिकेशनला मुळात परवानगी आहे का, हे तपासावे. ती नसेल, तर अनधिकृत वापराची तक्रार महापालिकेकडे करता येईल आणि त्यासाठी आवाज मोजत बसण्याची गरज पडणार नाही.