आंदोलनातली लेक म्हणते, नगरसेविका व्हायचंय

नाशिकच्या सिडकोतून एका आईचं पत्र आलंय. लेक टीवाय बीएला आहे, पॉलिटिकल सायन्स घेऊन. तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या वस्तीसाठी, झाडं तोडायचा विषय 2025 च्या शेवटी पेटला तेव्हापासून ती आंदोलनाला जाते, आणि आता म्हणते एमपीएससी नको, मी पुढे नगरसेविका होणार. वडिलांनी तिच्याशी बोलणंच टाकलंय. आई विचारतात, हे करिअर आहे का, आणि उद्या पोरीवर केस झाली तर?

ताई, केसचं आधी सांगते कारण झोप त्यानेच उडालीये तुमची. जमावबंदी मोडली म्हणून गुन्हा दाखल झाला तरी निवडणूक लढता येते, अपात्रता येते ती ठराविक शिक्षा झाल्यावर. पण उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात गुन्हे लिहावे लागतात आणि पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळीकडे पोलीस व्हेरिफिकेशनला ते निघतंच, म्हणून तिला एवढंच बजावा की परवानगीच्या अर्जाची पोच जवळ ठेव, कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लावू नकोस, कुणाला ढकलू नकोस, कारण सरकारी कामात अडथळा हे कलम लागलं की ते साधं प्रकरण राहत नाही. घोषणा द्यायला, धरणं धरायला घाबरू नका. पोरगी झाडांसाठी रस्त्यावर बसते याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता करिअर. याला पगार नाही हो. नगरसेवकाला मानधन मिळतं पण त्यावर घर चालत नाही, आणि पाच वर्षांनी तेही बंद होऊ शकतं. शिवाय मनपाच्या ठेक्यात स्वतःचा वाटा असला तर नगरसेवकपद जातं, म्हणजे पोटापाण्याचं काम मनपाच्या ठेक्यांपासून लांबचंच हवं. माझं म्हणणं एकच आहे, आधी तिने स्वतःच्या कमाईवर उभं राहावं आणि त्याच वर्षांत महापालिका आतून शिकावी. पोट दुसऱ्यावर अवलंबून असलं ना, की माणूस महासभेत तोंड उघडताना दहादा विचार करतो.

तिला मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरेंबद्दल वाचायला सांगा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरल्या, 1958 ला नवरा गेला, पदरात लहान मुलगी, तरी गोरेगावातलं काम थांबवलं नाही आणि 1961 ला मुंबई महापालिकेत निवडून आल्या. नळाला पाणी नाही म्हणून बायकांना घेऊन मोर्चे काढले, लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. मग 1972 ला आमदार, आणीबाणीत तुरुंग, 1977 ला खासदार. यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर निवडून आल्यावरही त्यांनी मोर्चा सोडला नाही, आणि लोकांनी त्यांना मत दिलं ते त्यांचं काम आधीपासून बघितलेलं होतं म्हणून. तुमच्या लेकीला सगळे आमदार-खासदार दिसत असतील, तिला आधी ती गोरेगावातली वर्षं दिसायला हवीत.

नाशिकचं गणित बघा. 2017 ला 122 नगरसेवक आणि 31 प्रभाग होते, 2011 च्या जनगणनेत शहर 14 लाख 86 हजारांचं, म्हणजे एका प्रभागात सरासरी 48 हजार माणसं. एवढ्या लोकांना झाडांचा विषय पटला तरी मत देताना ते ड्रेनेज कोणी काढून दिलं, पाणी कमी दाबाने येतं तेव्हा कोण आलं हेच आठवतात, आणि त्यात वाईट काही नाही, रोजचं जगणं आहे ते. त्यातून आरक्षणाची सोडत, पाच वर्षं राबलेला प्रभाग एका चिठ्ठीत हातचा जातो. पुन्हा 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कितीतरी वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, म्हणजे या क्षेत्रात निवडणूक कधी होईल हेही आपल्या हातात नाही. पक्षातून गेली तर व्हीप आहे, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, तो मोडला तर 1986 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पद जाऊ शकतं, आणि कार्यकर्तीला हे फार जड जातं, कारण तिला सवय असते मनाला पटेल ते बोलायची. अपक्ष लढायचं की पक्षातून, यावर तिने आत्ताच हट्ट धरू नये.

आणि ज्या झाडांसाठी ती भांडतेय त्याचा निर्णय कुठे होतो माहितीये? 1975 च्या कायद्याने झाडं तोडायची परवानगी वृक्ष प्राधिकरण देतं, अध्यक्ष आयुक्त, सदस्यांत नगरसेवक. नोटीस निघते, हरकती मागवतात. तिने स्वतःची हरकत कारणांसह लेखी दिलीये का, विचारा. दिली नसेल तर पुढची नोटीस निघेल तेव्हा पहिलं काम हेच. नंतर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून आपल्याच प्रभागातल्या एका रस्त्याचं किंवा नाल्याचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, झालेल्या कामाची मापं लिहिलेलं मोजणी पुस्तक मागवायचं आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून बघायचं. हे कंटाळवाणं आहे, पण ज्याला हे वाचता येतं त्याला अधिकारी उडवून लावत नाहीत.

शिक्षणाचं म्हणाल तर टीवाय झाल्यावर तीन वर्षांच्या लॉची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी, वकिली हाताशी राहते आणि आंदोलनातल्या पोरांनाही उपयोग होतो. लॉ नको म्हणाली तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए, ते नाशकातच होतं. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोकल सेल्फ गव्हर्नमेंटचे स्थानिक स्वराज्य संस्थांवरचे कोर्स आहेत, तेही बघा. नगरसेवकाला वयाची अट 21 ची आहे, पण म्हणून 21 लाच उभं राहायचं असं थोडीच आहे, पहिली निवडणूक तिने दुसऱ्या कुणासाठी बूथवर बसून, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरून अनुभवावी.

वडिलांचा राग मी समजू शकते, त्यांना पोरीच्या पुढच्या दहा वर्षांची काळजी आहे. त्यांना हे पत्र वाचायला द्या, आणि बापलेकीला मिळून एक दिवस राजीव गांधी भवनला, मनपाच्या मुख्यालयात, पाठवा, हरकत किंवा माहितीचा अर्ज, जे तयार असेल ते द्यायला. सीईटीचा फॉर्म निघाला की लगेच भरून टाका, शेवटच्या दिवशी साईट अडकते.