ताईचा फोन, आईमार्फत

सुट्टीत घरी आलेल्या मुली सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक तक्रार हटकून असते. ताई शिकायला गेली आणि परकी झाली, अशी ती तक्रार असते, कधी थोरलीच हे धाकटीबद्दल सांगते, तर कधी आई दोघींच्या वतीने विचारते, "एका ताटात जेवणाऱ्या पोरी, आता महिना महिना बोलत नाहीत. पुढं हे नातं टिकंल का?" बहीण पुण्यात असेल तर हा प्रश्न सहसा फार वाढत नाही, कारण हुतात्मा एक्स्प्रेसने एका दिवसात जाऊन येता येते आणि महिना-दोन महिन्यांत गाठ पडतेच. परंतु दोघी बहिणी दोन वेगळ्या दिशांना गेल्या आणि सोलापूरच्या घरी फक्त आई-वडील उरले, म्हणजे दोघींची खबर एकमेकींना थेट न मिळता घरावरून मिळू लागते. माझ्या मते खरी अडचण बहुतेक वेळा तिथे असते. फोन किती वेळा झाला याचा हिशेब मांडून ती सापडत नाही.

पुढील हकिगत कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. नावे घेतलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात देखरेखीचे काम करतात आणि आई घरी शिवणकाम करते. थोरलीने सोलापुरातच अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि शैक्षणिक कर्ज काढून ती पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेली. त्याच वर्षी धाकटीला दापोलीला कृषी पदवीसाठी प्रवेश मिळाला. सुमारे सव्वा वर्षानंतर, जानेवारीत, आई धाकटीला घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, हिला काय झालंय ते तुम्हीच विचारा. माझ्याशी धड बोलत नाही आणि ताईचं नाव काढलं की उठून जाते," असे आईने उभ्या-उभ्याच सांगितले आणि आपणही आत बसणार हे गृहीत धरून खुर्ची ओढली. त्यांना बाहेर बसण्याची विनंती मला दोनदा करावी लागली.

निमित्त सिद्धेश्वर यात्रेचे होते. गड्ड्याला, म्हणजे या यात्रेला, दोघी बहिणी लहानपणापासून मिळून जात. नंदीध्वजांची मिरवणूक पाहणे, अक्षता सोहळ्याच्या गर्दीत एकमेकींचा हात धरून उभे राहणे आणि संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यात बसणे हा त्यांचा ठरलेला क्रम होता. त्या वर्षी धाकटी मैत्रिणीबरोबर गेली आणि मैदानाच्या मधोमध उभी राहून तिने ताईला व्हिडिओ कॉल लावला. ताईने फोन उचलला, पाळणे पाहिले आणि म्हणाली, "यात्रेत फिरतेस, पण राहिलेल्या विषयाचं काय केलंस?" आदल्या सत्रात धाकटीचा एक विषय राहिला होता. ही गोष्ट तिने फक्त आईला सांगितली होती आणि ताईला सांगू नको असे बजावले होते. तिने तिथेच फोन बंद केला. त्यानंतर ती आईशीही बोलेनाशी झाली होती.

एवढे ऐकून हे भांडण कशाचे आहे ते ठरवून टाकणे सोपे होते, पण मी तिला आधीचे वर्ष सविस्तर सांगायला लावले, आणि त्यात एक साधी गोष्ट निघाली. पहिल्या महिन्यात दोघी रोज रात्री साडेनऊला बोलत असत. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. थोरली त्या वेळी प्रयोगशाळेतून बाहेर पडत असे आणि धाकटीचे वसतिगृहातले जेवण झालेले असे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्यातले व त्यांच्यातले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. त्यानंतर थोरली मोकळी होईपर्यंत इकडे साडेदहा वाजू लागले. धाकटीला भल्या सकाळी शेतावर प्रात्यक्षिकाला हजर राहायचे असल्याने ती तोवर झोपलेली असे. थोरलीला वाटले, हिला आता मैत्रिणी मिळाल्या आणि माझी गरज उरली नाही. धाकटीला वाटले, ताई मुद्दामच उशिरा फोन करते, म्हणजे उचलला गेला नाही की तिची सुटका होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुन्हा पुढे गेली, पण तोवर रोज बोलण्याची सवय मोडली होती आणि ती परत लावण्याचा पुढाकार कोणीच घेतला नाही. त्यात जूनपासून दापोलीचा पाऊस सुरू झाला. तो सोलापूरकराला वर्णन करून सांगता येत नाही असा असतो. वीज जाते, मोबाइलची रेंज जाते आणि पाठवलेला निरोप कधी पोहोचेल याचा भरवसा राहत नाही. या सगळ्या काळात धाकटी एक गोष्ट मात्र नेमाने पाहत होती, ती म्हणजे आपले स्टेटस ताईने पाहिले की नाही. ताईने पाहिलेले असे. उत्तर आलेले नसे.

स्टेटसच्या यादीत बहिणीचे नाव शोधणाऱ्या मुली मला अलीकडे इतक्या भेटतात की मी त्याबद्दल स्वतःहून विचारते. थकलेल्या माणसाचा अंगठा दिवसभरात शंभर गोष्टींवरून सरकतो, त्यातून मायेचे मोजमाप होत नाही, हे त्यांना पटते. मात्र त्या रात्री पुन्हा यादी पाहतातच.

असे असले तरी वेळेची चुकामूक हे या दुराव्याचे अर्धेच कारण होते. रोजचे बोलणे बंद झाल्यावर दोघींची खबर एकमेकींना आईकडून मिळू लागली. आई सकाळी एकीशी आणि रात्री दुसरीशी बोलत असे आणि तिकडचे इकडे सांगत असे. घरातले टेलिफोन एक्स्चेंजच ते. धाकटी खोकते आहे, थोरलीने केस कापले, धाकटी मेसचे जेवण टाकून देते, थोरली रविवारीही कामाला जाते, असे सगळे पोहोचत असे, आणि बरोबर आईची काळजीही पोहोचत असे. कौटुंबिक समुपदेशनात मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने त्रिकोणाची कल्पना मांडली आहे: दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसरे माणूस मध्ये ओढले जाते, त्यामुळे ताण तात्पुरता हलका होतो आणि मूळ दोघांचा प्रश्न तसाच राहतो. येथे आईला कोणी मध्ये ओढले नव्हते, ती प्रेमाने आपण होऊन मध्ये आली होती, पण परिणाम तोच झाला. दोघी मुलींना इतके कळत होते की एकमेकींना विचारण्यासारखे काही उरत नव्हते, आणि जे कळत होते ते सगळे आईच्या सुरात कळत होते.

आईला बोलावले तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "ती तुमच्याशी काय बोलली?" मी सांगितले की मुलगी सज्ञान आहे, तिने इथे जे सांगितले ते तिच्या परवानगीशिवाय मी कोणालाही सांगू शकत नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ यानेही हा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. त्यांना ते रुचले नाही. "आईपासून कसलं लपवायचं?" असे त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, "मी सांगितलं नसतं तर थोरलीनं तिचा अभ्यास घेतला असता का?" विषय राहिल्याचे त्यांनी चहाडी म्हणून सांगितले नव्हते. दोन्ही मुलींना घराबाहेर पाठवताना त्यांनी थोरलीला "धाकटीकडं लक्ष ठेव" असे सांगितले होते आणि लक्ष ठेवायला खबर लागते, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी त्यांना एवढेच विचारले की या वर्षभरात दोघी मुलींनी स्वतःबद्दलची एखादी गोष्ट तुमच्याआधी एकमेकींना सांगितली असे झाले आहे का. त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत.

थोरलीशी माझे बोलणे धाकटीच्या संमतीने ऑनलाइन झाले. ती बोलायला उत्सुक होती, आणि थोडी रागावलेलीही. तिथे विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, ती तेवढे करत होती, फेब्रुवारीत तिच्या परीक्षा होत्या आणि एका विषयात ती स्वतःच मागे पडली होती. हे तिने बहिणीला का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तिला सांगितलं की आईला कळणार, आईला कळलं की पप्पांना, आणि पप्पा कर्जाच्या काळजीनं झोपणार नाहीत." म्हणजे धाकटी आपला राहिलेला विषय ज्या भीतीने ताईपासून लपवत होती, अगदी त्याच भीतीने ताई आपला अवघड विषय धाकटीपासून लपवत होती. मग फोनवर बोलायला उरे काय, तर जेवलीस का आणि अभ्यास झाला का. थोरलीला आपण जबाबदारी पार पाडत आहोत असे वाटे आणि धाकटीला आपली तपासणी चालू आहे असे वाटे.

थोरल्या बहिणीला पालकाची बदली म्हणून नेमणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे, आणि दोघी एका घरात असतात तोवर ती चालून जाते, कारण दटावल्यानंतर तासाभराने दोघी एकाच अंथरुणात हसत असतात. दूर गेल्यावर दटावणे फोनवरून पोहोचते आणि नंतरचे हसणे पोहोचत नाही. म्हणून मुलींना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणाऱ्या पालकांना मी स्पष्ट सांगते की थोरलीवर धाकटीच्या अभ्यासाची देखरेख सोपवू नका; गुणपत्रिका पाहायची असेल तर ती तुम्ही स्वतः धाकटीकडे मागा.

दोघींच्या एकत्र बैठकीत फार मोठे काही ठरले नाही. रोजच्या फोनचा आग्रह सोडायचा आणि रविवारी भारतीय वेळेनुसार दुपारी दोनला बोलायचे, कारण तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे घड्याळे मागेपुढे झाली तरी कोणाची झोप किंवा तास बुडत नाही. शिवाय थोरलीने रविवारचे काम शनिवारवर घेतले. अभ्यासाचा विषय जिचा आहे तिनेच काढायचा. आठवड्यात काही सांगावेसे वाटले तर व्हॉइस नोट पाठवायची आणि त्याच दिवशी उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही. दापोलीच्या रेंजसाठी हे सोयीचे होते, आणि आवाजात थकवा, हसू, मागे चाललेला गोंगाट असे बरेच काही येते जे टाइप केलेल्या ओळीत येत नाही. परीक्षेच्या महिन्यात फोन होणार नसेल तर तसे आधी सांगायचे. शेवटची अट धाकटीने घातली: एकमेकींनी सांगितलेले एकमेकींच्या परवानगीशिवाय घरी सांगायचे नाही. अपवाद थोरलीने सुचवला, तो मला योग्य वाटला: जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल तर घरी सांगायचेच, आणि सांगितले हे बहिणीपासून लपवायचे नाही.

आईसाठीही एक काम होते. एका मुलीने दुसरीबद्दल विचारले की "तूच तिला विचार की" एवढेच म्हणायचे. त्यांना हे सर्वांत जड गेले. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी मला फोन करून सांगितले की घर मुके झाल्यासारखे वाटते, कारण दोघींशी बोलायला दुसरीच्या बातमीशिवाय दुसरा विषयच आपल्याकडे नव्हता हे त्यांच्या लक्षात आले होते.

फेब्रुवारीत थोरलीचे तीन रविवार चुकले. त्यांपैकी दोन तिने आधी कळवले होते, तिसरा कळवला नव्हता आणि त्यावरून धाकटीने तिला खरमरीत व्हॉइस नोट पाठवली. थोरलीने तितकेच खरमरीत उत्तर दिले, आणि मग कर्ज, घरखर्च, कोणासाठी किती पैसे गेले असा जुना साठलेला विषय निघून दोघी तासभर भांडल्या. धाकटीने हे मला अपराधी चेहऱ्याने सांगितले. मी मात्र ते चांगले लक्षण मानले, कारण त्या भांडणाची आईला गंधवार्ता नव्हती आणि पुढच्या रविवारी दोनला थोरलीचा फोन आला होता. राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेबद्दलही धाकटीनेच एका फोनवर सांगितले. थोरलीने त्यावर आपलाही एक पेपर कठीण गेल्याचे सांगितले. कर्जाचा प्रश्न अर्थातच सुटलेला नाही.

दुरावा हा नेहमीच एवढ्यावर थांबणारा नसतो. बहिणीशी बोलणे बंद होण्याबरोबरच मुलीची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, ती तासांना जात नसेल, सगळ्याच मैत्रिणींना टाळत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही बोलत असेल, तर तो बहिणींच्या नात्याचा प्रश्न समजून वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. दूरवरच्या वसतिगृहातील मुलीसाठी हा क्रमांक सोलापूरच्या समुपदेशकापेक्षा लवकर हाताशी येतो. धाकटीच्या बाबतीत ही लक्षणे नाहीत याची खात्री मी पहिल्याच बैठकीत करून घेतली होती. ती केल्याशिवाय फोनच्या वेळा ठरवत बसणे योग्य झाले नसते.

धाकटी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा येऊन गेली आणि आता गरज वाटली तरच येईन असे सांगून गेली. जुलैत आईंचा फोन आला. मला वाटले मुलींचे काही असेल, पण त्यांना स्वतःसाठी वेळ हवी होती आणि या खेपेस त्या एकट्याच येणार होत्या.