सर, तो मेल तिचा आहे

(लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षक वडिलांचं पत्र. मुलगी बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला. नीट दोनदा दिली, सीट लागली नाही. तिने स्वतः अर्ज केला आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला तिची निवड झाली. काम आहे जनुकं बदललेल्या उंदरांचे भ्रूण गोठवून साठवण्याचं. वडील विचारतात, "उंदीर फ्रीजरमध्ये ठेवायला पोरीला शिकवलं का? तिसऱ्यांदा नीटला बसवू की एखाद्या आयव्हीएफ सेंटरला चिकटवू?")

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मार्कांचं काही नाही हो, ते दर आठवड्याला वाचते. माझी नजर अडकली ती खालच्या एका ओळीवर, "निवडीचा मेल मी वाचला, तिला अजून सांगितलेलं नाही." नीटच्या फॉर्मच्या वेळी ईमेल तुम्ही काढून दिला, पासवर्ड तुमच्याकडेच राहिला, इथपर्यंत समजू शकते. पण पोरगी रोज मोबाईल बघून विचारते "पप्पा, काही आलं का" आणि तुम्ही "नाही" म्हणता, हे तुम्हीच लिहिलंय. सर, तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोराची स्कॉलरशिप लागली आणि हेडमास्तरांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला, तर तुम्ही काय केलं असतं? शाळा डोक्यावर घेतली असती ना. काळजीपोटी केलंत, मान्य. तरी हे खोटंच आहे, आणि उद्या तिला दुसरीकडून कळलं तर उंदरांचा विषय बाजूलाच राहील, तुमच्यावरचा विश्वास जाईल. दोनदा नीट पडलेल्या पोरीला स्वतःच्या जोरावर मिळालेला पहिला होकार आहे हा!

आता फ्रीजरचं. उंदीर कोणी गोठवत नाही. मादीला दोन दिवसांच्या अंतराने हार्मोनची दोन इंजेक्शनं देतात, नराशी जोडी लावतात, आणि भ्रूण दोन-चार पेशींचा असतानाच बाहेर काढतात, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढा. तो नुसता थंड केला तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे कण पेशी फोडतात, म्हणून आधी पेशीला जपणाऱ्या द्रावणात ठेवायचं, पाणी हळूहळू बाहेर येऊ द्यायचं, मिनिटाला अर्ध्या-एक डिग्रीने खाली आणायचं आणि मग लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला. तिथे पेशीचं घड्याळच थांबतं. वर्षांनी लागला तर पुन्हा गरम करून दुसऱ्या मादीच्या पोटात सोडायचा (तिची जोडी आधी नसबंदी केलेल्या नराशी लावतात, म्हणजे तिचं शरीर गरोदरपणाला तयार होतं), साधारण वीस दिवसांत पिल्लं. हे बटण दाबून होत नाही, मायक्रोस्कोपखाली स्थिर हात लागतो.

आणि कशासाठी? एखाद्या आजारासाठी एक जनुक बदललेला उंदीर तयार करायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तो जिवंत ठेवायचा तर पिंजरे, खाद्य, माणसं, प्रत्येक पिल्लाची जनुक तपासणी, आणि पिढ्यानपिढ्या नकळत होणारे बदल वेगळेच. अमेरिकेत मेन राज्यातली जॅक्सन लॅब १९४७ च्या वणव्यात जळाली, जवळजवळ सगळे उंदीर गेले, आणि त्यांनी आधी ज्यांना उंदीर पाठवले होते त्यांच्याकडून परत मागवून वाण (म्हणजे ठरावीक जनुकांच्या उंदरांच्या जाती) उभे करावे लागले. २०१२ ला सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये एका विद्यापीठाच्या तळघरात पाणी शिरलं, हजारो उंदीर बुडाले. कोविडमध्येही कित्येक लॅबना पिंजरे रिकामे करावे लागले, तेव्हा ज्यांचे भ्रूण नायट्रोजनच्या टाकीत साठवलेले होते ते निवांत झोपले.

आयव्हीएफवाल्यांना तुम्ही वरचे समजताय म्हणून एवढंच सांगते, गोठवलेल्या भ्रूणापासून जिवंत पिल्लं पहिल्यांदा १९७२ ला उंदरात झाली, माणसाचं बाळ १९८४ ला, मेलबर्नमध्ये. आजही आयव्हीएफची द्रावणं चांगली आहेत का हे उंदराच्या भ्रूणावर तपासतात. तिला पुढे तिकडे जायचं असेल तर हाच हात उपयोगी पडेल, फक्त एआरटी कायद्याच्या (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा कायदा) नियमांत एम्ब्रियोलॉजिस्टची, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण हाताळणाऱ्या तज्ज्ञाची, पात्रता ठरलेली आहे, बीएस्सीवर "चिकटवता" येत नाही.

एमएस्सीसाठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी या प्रवेश परीक्षा आहेत, ते तिला माहीत असेल. तिसरी नीट? तिने मागितली तर.

कच्ची बाजूही सांगते. प्रोजेक्टच्या जागा तात्पुरत्या असतात, पगार बेताचा, पर्मनंट जागा थोड्या. आणि भ्रूण काढताना त्या मादीला मारावं लागतं. एथिक्स कमिटीची परवानगी, नियम सगळं असतं, वाण गोठवला की पुढे पिढ्यानपिढ्या उंदीर पोसून मारावे लागत नाहीत हेही खरं, पण पहिल्या दिवशी हातात जिवंत उंदीर येतो आणि काही मुलं तिथूनच परत फिरतात. त्यात लाज नाही. मात्र हे तुम्ही तिच्या वतीने ठरवायचं नाही. पत्रात "पाप" लिहिलंय तुम्ही, तिला काय वाटतं ते एका ओळीतही नाही. शक्य असेल तर तिला संस्थेत फोन करून एक दिवस अ‍ॅनिमल हाऊस बघू द्या, मग तीच सांगेल.

होकार कळवायची मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंत आहे म्हणता. म्हणून हे उत्तर छापायच्या आधी तुम्हाला थेट पाठवतेय, आज मंगळवार आहे. पासवर्ड कागदावर लिहून तिला द्या, आणि मेल तिलाच उघडू द्या.